एका आकड्यानं हुकलं

मटका लावणाऱ्याच्या तोंडी एक वाक्य हमखास असते : ‘एका आकड्यानं हुकलं हो!’ त्याने ४७ची जोडी लावलेली असते आणि येते ४८. हिशेबाने पाहिले तर ४८ आली काय किंवा ०३ आली काय, पैसे सारखेच बुडाले. तरी तो घरी येतो तो जिंकता जिंकता राहिल्यासारखा, आणि उद्या लावायचे पैसे वाटेतच कुणाकडून तरी उसने घेतो.

केंब्रिजच्या संशोधकांनी २००९ साली हे ‘थोडक्यात हुकणे’ मेंदूत तपासले. जुगाराच्या यंत्रावरचे चित्र एका घराने हुकले की, जिंकल्यावर मेंदूचे जे भाग चेततात त्यांतलेच काही चेततात, असे त्यांना दिसले. हुकणे कुणाला आवडत नव्हते. पण चित्र स्वतः निवडलेले असेल तर पुढचा डाव खेळायची इच्छा वाढत होती. मटक्यातही आकडा आपणच निवडतो.

कंपवाताच्या रुग्णांचा अनुभव तर याहून बोलका आहे. मेंदूतल्या डोपामिन या रसायनाचे काम करणारी औषधे सुरू झाल्यावर जुगाराच्या आहारी गेलेल्या ११ रुग्णांची नोंद २००५मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. ती औषधे कमी किंवा बंद केल्यावर बहुतेकांचा नाद सुटला. गोळीने लागणारा आणि गोळी थांबवली की सुटणारा नाद निव्वळ नीतीचा प्रश्न कसा म्हणायचा? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटाही दिसला आहे. नैराश्य आणि दारू अनेकदा सोबतीला असतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली जुगाराचा विकार व्यसनांच्या वर्गात घातला, तो उगाच नव्हे.

कारण कळले म्हणून बायकोचे मंगळसूत्र मोडल्याचा दोष धुऊन निघत नाही. पण आपण घरोघरी करतो काय? देवापुढे शपथ घ्यायला लावतो, चार शिव्या घालतो आणि शेवटी थोरला भाऊ मुकाट्याने देणे फेडतो. सर्वांत घातक हेच. देणे फिटले, की डोक्यावरचा भार उतरतो आणि पुन्हा लावायला हात मोकळा होतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५मध्ये बंदीचा कायदा केला. तो हवाच होता. मात्र लागलेला नाद कायद्याने सुटत नाही. घरात असा कुणी असेल तर पैशांचे व्यवहार दुसऱ्याच्या हाती द्या आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.