गाडी उंच झाली, आख तिथंच राहिला



आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. पण विषय शेवटी शेतातच येणार आहे, म्हणून पूर्ण वाचा.

चोपडा-यावलपासून शिरपूर-साक्रीपर्यंत आता उंच केलेल्या थार बऱ्याच दिसतात. मीही त्यातलाच. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीला पुढे-मागे दोन इंचाचे स्पेसर टाकले. सांगायला कारण होतं, पावसाळ्यात शिवाररस्ता खराब असतो. खरं कारण तुम्हालाही माहीत आहे. शेजारच्या गावातल्या पोरानं केली होती, म्हणून मीही केली. वडील तेव्हाच म्हटले होते, "काबर उंच करी गाडी?" मी हसून टाळलं.

वर्षभरात पुढचे टायर बाहेरच्या कडेनं खायला लागले. वळणावरून स्टेअरिंग आपोआप सरळ येईना. मग गतिरोधकावर 'खट' असा आवाज सुरू झाला. गॅरेजला दाखवली तर उत्तर मिळालं, "उंच गाडीत एवढा आवाज येतोच भाऊ." मलाही कापूस वेचणीची घाई होती. ते ऐकून बरंच वाटलं.

एका सकाळी नाल्यात उतरताना मोठा आवाज झाला आणि पुढचं डावं चाक वरून बाहेर कलंडलं. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट निसटला होता. गाडी चालण्याच्या वेगात होती, म्हणून काही झालं नाही. पण आदल्या संध्याकाळी हीच गाडी मी धुळ्याहून पारोळ्यामार्गे ऐंशीच्या वेगानं आणली होती. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडीचा यात दोष नव्हता. 2020 पासूनच्या थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाकाला एक वरचा आणि एक खालचा आर्म. कंपनीनं त्यांचे कोन एका ठरावीक उंचीसाठी काढलेले असतात. स्पेसर टाकला की दोन्ही आर्म चाकाकडे जास्त खाली कलतात. बॉल जॉइंट गाडी उभी असतानाच आपल्या वळण्याच्या हद्दीजवळ जाऊन बसतो. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की तो कडेवर दाबला जातो. रबरी टोपी फाटते, आत आपली काळी माती आणि पाणी शिरतं, ग्रीस संपतं. पुढचं सगळं वेळेचं गणित आहे. जुन्या जीपला पुढे पाटे होते, हे आर्म नव्हतेच. त्यामुळे जुन्या जीपचा अनुभव इथं लावू नका.

आर्म बदलताना दुसऱ्या मिस्त्रीजवळ दिवसभर बसलो. जे शिकलो ते देतो:

1. एकाच बाजूचा आर्म बदलू नका. दोन्ही बाजू तेवढ्याच चाललेल्या असतात.

2. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालू नका. चेसिसखाली घोड्या लावा. बोलेरोसारख्या गाडीत स्प्रिंग आर्मवर दाबून बसलेली असते. ती कॉम्प्रेसरशिवाय सोडली तर माणूस जायबंदी होतो.

3. सगळ्यात महत्त्वाचं. चाक हवेत लोंबत असताना बुशचे बोल्ट शेवटचे आवळू नका. आतलं रबर त्याच कोनात पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट आधी हातानं लावा, गाडीचं वजन चाकांवर आणा, मगच टॉर्क पान्यानं आवळा. आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. 'हाताला कळतं' हे इथं चालत नाही.

4. बॉल जॉइंटच्या नटाला स्प्लिट पिन असेल तर नवीनच घाला. जुनी सरळ करून परत नाही.

5. काम झाल्यावर अलाइनमेंट करा आणि थोडं चालवून बोल्ट पुन्हा तपासा.

आता माझं मत. राग आला तरी चालेल.

शेतीसाठी म्हणून गाडी उंच करणं ही आपण स्वतःला मारलेली थाप आहे. बैलगाडीचं बघा. साठ्याखाली दोन फळ्या घातल्या तर साठा वर जाईल, आख वर जाईल का? आख वर न्यायचा तर चाकच मोठं पाहिजे. थारचा मागचा आख सलग आहे. स्पेसर टाकून बॉडी दोन इंच वर गेली, पण डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच अंतरावर राहिला. चिखलात आधी टेकतो तोच. मुळात या गाडीला कंपनीकडूनच 226 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स आहे. आपल्या शिवाररस्त्याला आणखी काय पाहिजे?

आणि गाडी निघाली तरी प्रश्न आहेच. वाफसा नसताना काळ्या जमिनीत चाक घातलं की खालची माती दाबून घट्ट होते. तिथं पाणी मुरत नाही, मुळं खाली जात नाहीत. आपण ट्रॅक्टर वाफशाशिवाय घालत नाही, मग ही गाडी कशाला? जिथं गाडी रुततेय, तिथं त्या दिवशी चालत जायचं असतं.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण आपणच देतो.

मी स्पेसर काढून टाकले. चारही आर्म नवीन, मूळ उंचीचे. त्या पैशात चांगल्या पकडीचे टायर आणि टायरला हवा भरायचा छोटा पंप आधीच आला असता, आणि चिखलात उपयोग त्याचाच जास्त झाला असता.

ज्यांनी आधीच उंच केली आहे त्यांना एवढंच सांगणं. आज संध्याकाळी पुढचं चाक जॅकवर उचला, वर-खाली धरून हलवा. खटका लागला किंवा रबरी टोपी फाटलेली दिसली, तर मुलांना गाडीत बसवू नका. आधी मिस्त्री गाठा. 'आवाज येतोच' म्हणाला, तर दुसरा गाठा.

तुमच्या गाडीचा काय अनुभव आहे, खाली लिहा. फोटो टाकलात तर आणखी चांगलं.