मागाहून येणारी मौज

प्रौढ माणसाच्या छंदाविषयीं आपल्या घरांतून एक विलक्षण लाज वावरत असते. लहान मुलानें पोस्टाचीं तिकिटें गोळा केलीं, तर आपण पाहुण्यांपुढें त्याची वही कौतुकानें ठेवतों; तोच मुलगा पंचेचाळिसाव्या वर्षीं तिकिटें निवडण्यासाठीं हातांत चिमटा घेऊन बसला, कीं वडील मंडळी एकमेकांकडे पाहूं लागतात. स्त्रियांच्या बाबतींत तर प्रकार याहून निराळा. विणलेला जिन्नस मेजावर पसरतां येतो किंवा बाळाच्या अंगावर चढवितां येतो, तोंपर्यंत तें विणकाम गृहकृत्यदक्षतेचें लक्षण ठरतें. परंतु ज्याचा संसारांत कोणासही उपयोग नाहीं असें कांहीं तिनें हातीं घेतलें, कीं ‘हिला वेळ फार दिसतो’ हा शेरा ठेवलेलाच.

हा विषय या महिन्यांत सुचण्याचें कारण असें, कीं आमचे एक आप्त नोकरीनिमित्त सपत्नीक जपानांत असतात. त्यांनीं ओसाका शहरांतील आपल्या एका रविवाराची हकीकत कळविली. तेथें निप्पोनबाशी म्हणून एक भाग आहे. आगगाड्यांच्या लहान प्रतिकृति, बाहुल्या, जुळवावयाचीं विमानें अशा वस्तूंचीं दुकानें तेथें ओळीनें आहेत. उभयतांनीं सकाळ या दुकानांत घालविली, आणि दुपारीं किल्ल्याभोंवतालच्या उद्यानांत झाडाखालीं बसून घरून नेलेला डबा खाल्ला. दुकानांतील गिऱ्हाइकांत पिकल्या केसांचीं माणसें पुष्कळ होतीं, व तीं नातवंडांसाठीं नव्हे तर स्वतःसाठीं खरेदी करीत होतीं, हें त्यांनीं मुद्दाम लिहिलें होतें. वाचून झाल्यावर आमच्या सौ.नें विचारलें, “पुण्यांत असा दिवस होणार नाहीं का?”

येथें वाचकांस थोडी घरची माहिती देणें भाग आहे. लग्नापूर्वीं सौ. चित्रें काढीत असे. सरकारी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा ती उत्तीर्ण झाली होती. रंगांची पेटी तिच्याबरोबर आमच्या घरीं आली, आणि पुढें चौतीस वर्षें माळ्यावर राहिली. गेल्या मार्गशीर्षांत तिच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. ज्यांच्या घरीं हें झालें असेल त्यांस ठाऊकच आहे, कीं वयाबरोबर डोळ्यांतील भिंग पिवळट होतें व निळा रंग अडवून धरतें. बदल इतका हळूहळू होतो कीं माणसाला त्याचा पत्ता नसतो. पट्टी निघाल्यावर सौ. बराच वेळ खिडकींतून आकाशाकडे पाहत होती. डावा डोळा अद्यापि व्हावयाचा आहे, त्यामुळें तिला सध्यां दोन आकाशें दिसतात. एक डोळा मिटून दुसऱ्यानें पाहावें, मग उलट करावें, हा तिचा नवाच खेळ झाला आहे.

दोघांनींच दिवसभर बाहेर जावयाचें, हें आमच्यासारख्या चौदा पानांच्या घरांत सांगणें सोपें नव्हे. मातुःश्रींनीं विचारलें, “लग्न आहे का कोणाचें?” नाहीं म्हटल्यावर, “मग कोणी आजारी?” त्याही नाहीं म्हटल्यावर त्या गप्प राहिल्या. वहिनींनीं मात्र प्रश्न मिटविला. “ओटा माझ्याकडे. सातच्या आंत दारांत दिसलांत तर चहा मिळणार नाहीं,” असें त्यांनीं बजावलें.

अप्पा बळवंत चौकांत पुस्तकांच्या दुकानांच्या गर्दींतच चित्रकलेच्या साहित्याचीं दुकानें आहेत. सौ.नें निळ्या रंगाच्या नळ्या मागितल्या. दुकानदार तरुण व अदबशीर होता. “नातीसाठीं का आजी? मग विद्यार्थ्यांचा संच स्वस्त पडेल.” सौ. क्षणभर थांबली व म्हणाली, “नाहीं, मला हव्यात.” त्यानें एक शब्दही न बोलतां चांगल्यापैकीं नळ्यांचा खण पुढें ओढला. अल्ट्रामरीन हा रंग एके काळीं अफगाणिस्थानांतील बदख्शानच्या खाणींतून येणारा नील पाषाण कुटून करीत, आणि तो सोन्याच्या बरोबरीनें विकला जाई. १८२६-२८ च्या सुमारास फ्रान्समध्यें तो कृत्रिम रीतीनें सिद्ध झाला, तेव्हां कोठें सामान्य चित्रकाराच्या हातीं आला. प्रशियन निळा बर्लिनचा, अठराव्या शतकाच्या आरंभींचा. हाच रंग व्यापारी जहाजांतून जपानला पोंचला व १८३० च्या आसपास होकुसाईनें आपल्या फुजी पर्वताच्या चित्रमालेंत त्याचा सढळ उपयोग केला. आज आपण ज्याला अस्सल जपानी निळाई समजतों, ती अशी जर्मनीहून आलेली आहे! सौ.नें दोन्ही नळ्या घेतल्या आणि एक मऊ केसांचा ब्रश. किंमत आम्हीं विचारली नाहीं; तिनेंही आम्हांस सांगितली नाहीं.

बोहरी आळींत मणी, लेस, रेशमाच्या लडी यांचा बाजार पाहिला. तेथील गर्दीचें वर्णन पुणेकरांस नको.

बाजीराव रस्त्यावरील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत मात्र आमचे दोन तास गेले. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत आणि चष्म्यांचें दुकान चालवीत. १९२० च्या सुमारास त्यांस जुन्या वस्तु जमविण्याचा नाद लागला. राजेमहाराजांच्या तलवारींपेक्षां त्यांचें मन गुंतलें तें स्वयंपाकघरांत, माजघरांत आणि देवघरांत. अडकित्ते, दिवे, दौती, पाय घासण्याच्या वज्र्या, कुंकवाचे करंडे, दारांच्या कोरीव चौकटी. आपल्याच आज्यांनीं मोडींत घातलेला संसार त्यांनीं गांवोगांव हिंडून परत आणला. हे श्रम एकट्याचे नव्हते, पत्नी कमलाबाई त्यांत बरोबरीनें होत्या. मुलगा राजा लहान वयांत गेला. संग्रहाला त्याचें नांव दिलें. १९७५ सालीं वीस हजारांवर वस्तूंचा हा ठेवा त्यांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

वज्र्यांच्या कपाटापुढें सौ. बराच वेळ उभी होती. पाय घासण्याचें तें साधन, पण त्याच्या मुठीवर कोणा तांबटानें मोर बसविला आहे, कोठें हत्ती. न्हाणीघरांत, जेथें कोणी पाहावयास येणार नाहीं, तेथल्या वस्तूवर एवढें काम! उपयोगाची गोष्ट व हौसेची गोष्ट असे दोन निरनिराळे कप्पे आपण जे करून ठेवले आहेत, ते त्या कारागिराला माहीत नसावेत असें आम्हांस वाटलें.

दुपारीं एक ते चार पुण्याचा व्यापारी विश्रांति घेतो. या पद्धतीची थट्टा करण्याची चाल आहे. आम्ही तींत सामील होत नाहीं. एका खाणावळींत जेवून आम्ही उभयतां कोथरुडास जोशी यांचें लहान आगगाड्यांचें संग्रहालय पाहण्यास गेलों. भाऊ जोशी यांनीं आपला उद्योग सांभाळून आयुष्यभर हा छंद केला, आणि १९९८ सालीं तो लोकांस पाहण्यासाठीं खुला झाला. एका दालनांत संपूर्ण शहर मांडलें आहे. गाड्या धांवतात, सिग्नल पडतात, दिवे मालवून रात्र होते तेव्हां घराघरांच्या खिडक्या उजळतात. अशा प्रतिकृतींत जगभर रूढ असलेलें एक प्रमाण सत्याऐंशीस एक असें आहे. म्हणजे साडेपांच फूट उंचीचा माणूस तेथें पाऊण इंचाचा. मुलें ओरडत होतीं, परंतु खरे तल्लीन झाले होते ते त्यांचे आजोबा. एक वृद्ध गृहस्थ, बहुधा रेल्वेंतून निवृत्त झालेले, सिग्नल योग्य क्षणीं पडतो कीं नाहीं हें गंभीरपणें तपासत होते.

ऊन उतरल्यावर आम्ही सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानांत आलों. दहा एकरांची ही बाग महापालिकेनें जपानांतील ओकायामा शहराच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर केली. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हें तिचें पूर्वीचें नांव. ‘पूर्वरंगां’त जपानचा प्रवास लिहिणाऱ्या पु. लं.चें नांव तिला मिळालें, हें योग्यच झालें. मूळ कोराकुएन ओकायामाचा सरदार इकेदा त्सुनामासा यानें १६८७ सालीं करावयास घेतली व १७०० सालीं ती पुरी झाली. १८८४ पासून ती सर्वांस खुली आहे. १९३४ च्या पुरानें व १९४५ च्या बाँबवर्षावानें तिची नासधूस झाली, पण जुन्या चित्रांच्या आधारें ती पुन्हा उभारली गेली. बागेबाहेरचा काळ्या भिंतींचा किल्ला जणूं बागेचाच भाग वाटावा अशी तिची मांडणी आहे. दूरचें दृश्य असें उसनें घेण्याची जपानी माळ्यांची ही जुनी युक्ति. आपल्या बागेला किल्ला नाहीं, परंतु झाडांच्या वर पर्वतीची टेकडी दिसते, आणि हें उसनें फेडण्याची कोणास घाई नाहीं.

‘कोराकुएन’ या नांवाचा अर्थ ‘मागाहून सुख भोगण्याची बाग’ असा आहे. राज्यकर्त्यानें चिंता प्रजेच्या आधीं करावी, सुख तिच्या मागाहून घ्यावें, या अकराव्या शतकांतील एका चिनी वचनावरून तें घेतलें. गंमत अशी, कीं हें नांव १८७१ सालीं पडलें. बांधणाऱ्यानें बागेची मौज यथेच्छ भोगली, शहाणपण तेवढें पावणेदोनशें वर्षांनीं आलें! आमच्या घरांतून हा नियम राजांना नव्हे, सुनांना लागू झाला. पंगत उठल्यावर तिचें पान, सर्वांचें झाल्यावर तिची हौस. आणि ‘सर्वांचें झालें’ असें म्हणण्याचा दिवस कोणत्याच पंचांगांत नसतो. राजाच्या बाबतींत हें वचन उत्तमच आहे. त्याच्या हातीं सत्ता असते, ‘मागाहून’ म्हणजे केव्हां हें तोच ठरवितो. सुनेच्या बाबतींत तें दुसरें कोणी ठरवितें, आणि वचनाचा अर्थच फिरतो.

हें सर्व आम्हीं सौ.ला सांगितलें. तिनें ऐकलें कीं नाहीं, सांगतां येत नाहीं. ती पुलावर उभी राहून पाण्यांतलें आकाश आधीं उजव्या डोळ्यानें, मग डाव्यानें पाहत होती. “उजव्याचेंच काढीन,” ती म्हणाली, “डाव्याचा डोळा झाला कीं हें दुसरें दिसायचें नाहीं.” मग थोडें थांबून, “नाहीं तर दोन्ही काढीन.”

घरीं पोंचलों तेव्हां साडेसात झाले होते. वहिनींनीं घड्याळ पाहून चहा दिला. मातुःश्री झोपाळ्यावर होत्या. “काय आणलेंत?” सौ.नें पुडी त्यांच्यापुढें उघडली. नळ्यांकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. ब्रश उचलून त्याचें टोंक तळहातावर फिरविलें, पुन्हा फिरविलें.

“केस कसला हा?”

सौ. चांचरली. “खारीचा आहे, आई.”

घरांत शांतता पसरली. मातुःश्रींनीं ब्रश आणखी एकदां तळहातावर ओढला आणि पुडींत ठेवला.

“खारीचा ना? मग आधीं सेतूचें चित्र काढ,” त्या म्हणाल्या. “समुद्र मोठा हवा.”