मसुदा डॉक्टरांपुढे ठेवावा

अँटिबायोटिक बेताने द्यावीत म्हणून काही देशांतील आरोग्य खाती डॉक्टरांना त्यांच्याच प्रिस्क्रिप्शनांचा हिशेब पत्राने कळवतात. अशा पत्राचा मसुदा डॉक्टरांना सोबत घेऊन करावा, असे म्हटले की दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप असा, की डॉक्टर शिकलेला माणूस. आकडे खरे असले की झाले, मांडणी हे कारकुनी काम. २०१७ साली ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाने तो निकालात काढला. सर्वाधिक अँटिबायोटिक लिहिणाऱ्या जनरल प्रॅक्टिशनरांना मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीने चार तऱ्हेची पत्रे गेली. नुसत्या माहितीच्या पत्राने सहा महिन्यांत प्रमाण ३.२ टक्क्यांनी उतरले; परिसरातील इतर डॉक्टरांशी आलेखासह तुलना करणाऱ्या पत्राने १२.३ टक्क्यांनी. जवळजवळ चौपट फरक कारकुनी नसतो.

दुसरा आक्षेप खोचक आहे: ज्यांची झडती घ्यायची त्यांनाच मसुद्याला बसवणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पण इथे दोन कामांची गल्लत होते. किती औषध योग्य, हे शास्त्र ठरवते. त्यावर मतदान नको. ते डॉक्टरच्या गळी कसे उतरेल, हा निराळा प्रश्न, आणि त्याचे उत्तर खात्याच्या टेबलावर मिळत नाही. पत्र उघडणारा डॉक्टर आधी विचारतो, हे आकडे कोणत्या महिन्यांचे? मग म्हणतो, माझ्याकडे दम्याचे म्हातारे पेशंट जास्त. तिथेच पत्र टोपलीत जाते. कच्चा मसुदा चार-सहा डॉक्टरांना मोठ्याने वाचायला लावला, तर नेमक्या कुठल्या ओळीवर कपाळाला आठी पडते ते छपाईआधीच कळते.

कॅनडातील ऑन्टारियोचा अनुभवही याच दिशेचा. तिथे एका पत्राचा रोख अँटिबायोटिक सुरू करण्यावर होता, दुसऱ्याचा ती किती दिवस द्यावीत यावर. पहिल्याचा ठळक परिणाम दिसला नाही, दुसऱ्याने वापर घटला. कारण बहुधा हे, की दिवस कमी करणे डॉक्टरच्या हातात असते. ‘देऊच नका’ म्हटले की पेशंटशी वाद आला.

अर्थात डॉक्टरांना आवडलेला मसुदा लागू पडेलच असे नाही. तो पाठवून, न पाठवलेल्यांशी ताडून पाहावाच लागतो. कारण परिणाम सारखा नसतो: आरोग्यसेवकांना त्यांच्याच कामाचा हिशेब कळवण्यावरील १४० अभ्यास तपासणाऱ्या २०१२च्या कोक्रेन आढाव्यात मधली सुधारणा ४.३ टक्के निघाली, पण चौथाई तुलनांत ती अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त नव्हती आणि चौथाईत सोळा टक्के किंवा अधिक होती.