सर्व्हर ‘चालू’ आहे, पण बरा आहे का?

यंदा वसुबारसेच्या दिवशी सकाळी सांगलीहून आत्याचा फोन आला. “काय रे, काल रात्रीपासून एकही ऑर्डर नाही. दिवाळीच्या तोंडावर असं कधी होतं का?”

आत्या घरून फराळ करून विकते. तिच्या ऑर्डरी घेणारी छोटी वेबसाइट मी बनवली आहे. ती महिन्याला काही शे रुपये भाड्याच्या एका सर्व्हरवर चालते : १ जीबी रॅम, २५ जीबी डिस्क. मी लगेच फोनवर साइट उघडली. झटकन उघडली. चकलीचा फोटो, अनारशांचा भाव, सगळं जागेवर. “आत्या, साइट तर चालू आहे गं,” मी म्हणालो. ती म्हणाली, “मग तूच एक किलो चिवडा मागवून बघ.”

मागवला. फॉर्म भरला, बटण दाबलं आणि चक्र फिरतच राहिलं.

सर्व्हरवर शिरून डीएफ ही कमांड चालवली, तर डिस्क शंभर टक्के भरलेली. त्यातले जवळपास १७ जीबी नुसते लॉग. महिन्याभरापूर्वी एक चूक शोधताना मी डीबग मोड चालू केला होता आणि बंद करायचा विसरलो होतो. डेटाबेसला नवी ओळ लिहायला जागाच उरली नव्हती. जुनं वाचता येत होतं, म्हणून पानं दिसत होती. नवं लिहिता येत नव्हतं, म्हणून ऑर्डर जात नव्हती. लॉग पुसले आणि पाच मिनिटांत सगळं सुरळीत झालं. पण रात्रभरात किती गिऱ्हाइकं परत गेली ते कधीच कळणार नाही, कारण त्याची नोंद करायलाही डिस्कवर जागा नव्हती.

इंजिनिअर मी, पण सर्व्हर आजारी आहे हे ओळखलं आत्यानं.

मोठ्यांचंही तेच

तीनच दिवसांनी, २० ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीच्या दुपारी स्नॅपचॅट, सिग्नल आणि जगभरातली असंख्य अ‍ॅप्स अडखळायला लागली. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचा अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियातला भाग बिघडला होता. तिथे डायनॅमोडीबी नावाची डेटाबेस सेवा आहे. तिचा पत्ता सांगणारी डीएनएस नोंद अ‍ॅमेझॉनच्याच दोन स्वयंचलित प्रक्रियांच्या गोंधळात रिकामी झाली. दुकान उघडं होतं, आत माल होता, पण गल्लीत शिरायची पाटीच कुणीतरी काढून नेली, अशी अवस्था.

मग १८ नोव्हेंबरला क्लाउडफ्लेअरची पाळी आली. चॅटजीपीटी, एक्स यांसारख्या सेवांना फटका बसला. कंपनीने नंतर कारण सांगितलं : डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये बदल केला, त्यामुळे बॉट ओळखणाऱ्या यंत्रणेची एक फाइल दुप्पट मोठी झाली, ती ठरलेल्या मर्यादेत बसेना आणि ती वाचणारं सॉफ्टवेअरच कोसळलं. त्याच वेळी त्यांचं स्टेटस पेजही बंद पडलं. ते पूर्णपणे वेगळीकडे ठेवलेलं होतं, म्हणजे हा निव्वळ योगायोग होता. पण त्यामुळे त्यांच्या काही इंजिनिअरांना सुरुवातीला हल्ल्याचा संशय आला. आणि ‘कोणती साइट बंद आहे’ हे बघायला लोक ज्या डाउनडिटेक्टरकडे जातात, तोही त्या दिवशी अडखळला, कारण तो स्वतः क्लाउडफ्लेअरच्या आधारावर उभा आहे.

४ ऑक्टोबर २०२१ आठवतं का? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जवळपास सहा तास बंद होते. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका कमांडने कंपनीची डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली. दुरुस्तीसाठी लागणारी अंतर्गत साधनंही त्याच नेटवर्कवर होती, त्यामुळे तीही बंद पडली.

या सगळ्यातून मी दोन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या. एक, ‘चालू’ आणि ‘बरा’ यांत फरक आहे. दोन, पहारेकरी त्याच घरात झोपत असेल, तर घराला आग लागल्यावर तो ओरडणार कसा?

तीन फुकट साधनं, माझा अनुभव

दिवाळीनंतरचे तीन शनिवार-रविवार मी सर्व्हरवर लक्ष ठेवणारी फुकट सॉफ्टवेअर वापरून बघण्यात घालवले.

पहिलं, अपटाइम कुमा. हे मुक्त स्रोत आहे, डॉकर असेल तर एका कमांडमध्ये बसतं आणि फोनच्या ब्राउझरमध्येही नीट दिसतं. ठरावीक वेळाने ते तुमच्या साइटचं दार वाजवतं आणि उत्तर आलं नाही तर टेलिग्रामवर मेसेज टाकतं. एचटीटीपीएसचं प्रमाणपत्र संपत आलं तरी आठवण करून देतं. मी ते पुण्यात घरी पडून असलेल्या जुन्या लॅपटॉपवर टाकलं, म्हणजे पहारेकरी वेगळ्या घरात.

पण नुसतं दार वाजवून वसुबारसेचा घोळ पकडता आला नसता, कारण दार उघडत होतं. म्हणून साइटवर एक लपलेलं पान केलं. ते पान डेटाबेसमध्ये एक चाचणीची ओळ लिहितं, परत वाचतं, पुसतं आणि सगळं जमलं तरच ‘ठीक’ हा शब्द दाखवतं. कुमा आता तो शब्द शोधतो. शब्द नाही, तर बोंब. या एका बदलाचा सगळ्यात जास्त उपयोग झाला.

एक त्रास मात्र झाला. घरची लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर बंद पडतो. मग कुमाला वाटतं की अख्खं जगच बंद पडलं. लाइट आली की फोनवर खोट्या इशाऱ्यांची रांग. उपाय सोपा निघाला : सलग तीन तपासण्या फसल्याशिवाय ओरडायचं नाही, अशी सेटिंग केली आणि राउटरला छोटा यूपीएस लावला.

दुसरं, नेटडेटा. हे सर्व्हरच्या आत बसतं आणि दर सेकंदाला नाडी बघतं : सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क. बसवल्या बसवल्या शेकडो आलेख तयार, डिस्क भरत आल्याचे इशारेही आधीच लावलेले. नवशिक्याला शिकायला याच्यासारखं साधन नाही. पण १ जीबी रॅमच्या मशीनवर मला ते जड वाटलं. पेशंटपेक्षा डॉक्टरच जास्त जेवायला लागला तर कसं चालेल? आणखी एक बारकावा : त्याचा माहिती गोळा करणारा भाग मुक्त स्रोत आहे, पण आताचा डॅशबोर्ड फुकट असला तरी मुक्त स्रोत नाही. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांत गल्लत करू नका.

तिसरं, प्रोमिथियस आणि ग्रफाना ही जोडी. प्रोमिथियसची सुरुवात २०१२ मध्ये साउंडक्लाउड कंपनीत झाली आणि आज मोठमोठ्या कंपन्या ते वापरतात. सर्व्हरवर नोड एक्सपोर्टर नावाचा छोटासा प्रोग्रॅम बसवायचा. प्रोमिथियस ठरावीक वेळाने त्याच्याकडून आकडे ओढून घेतं, आणि ग्रफाना त्यांचे आलेख काढतं. इथे मेहनत जास्त आहे. माझे दोन संपूर्ण रविवार गेले. पण एक गोष्ट फार आवडली. ‘डिस्क ९० टक्के भरली’ एवढ्यावर न थांबता, ‘याच वेगाने भरत राहिली तर चार दिवसांत संपेल’ असा अंदाज ते बांधू शकतं. नोड एक्सपोर्टर अगदी हलका आहे. जड काम लॅपटॉप करतो, त्यामुळे आत्याच्या सर्व्हरवर ताण येत नाही.

शेवटी मी नेटडेटा काढलं. बाहेरून कुमा, आतल्या आकड्यांसाठी प्रोमिथियस, अशी विभागणी ठेवली.

फुकटात काय मिळत नाही

पैसे लागले नाहीत, पण वेळ लागला आणि जबाबदारीही वाढली. प्रोमिथियसला मुळात पासवर्ड नसतो. त्याचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवलात, तर तुमच्या सर्व्हरची कुंडली कुणीही वाचू शकतं. मी सगळं वायरगार्डच्या बोगद्यातून नेतो. आणि इशारे मोजकेच ठेवा. पहिल्या आठवड्यात मी सीपीयूच्या प्रत्येक उसळीला मेसेज लावला होता. चौथ्या दिवशी मी ते ग्रुपच म्यूट केलं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. आता नियम एकच : जो इशारा आल्यावर मला उठून काही करावं लागेल, तोच इशारा.

तुमचा काय संबंध?

तुमच्याकडे सर्व्हर नसेल, पण फोन आहे. २६ मार्च आणि १२ एप्रिल २०२५ ला यूपीआय अडखळलं, तेव्हा अ‍ॅप उघडत होतं, क्यूआर कोड स्कॅन होत होता, पैसे मात्र अडकत होते. म्हणजे आत्याच्या साइटसारखंच : चालू, पण बरं नाही. अशा वेळी आपण काय करतो? पुन्हा पुन्हा बॅलन्स बघतो, पुन्हा पुन्हा पैसे पाठवतो. आधीच दमलेल्या यंत्रणेवर आणखी ओझं. ‘व्यवहाराचं काय झालं’ अशा सततच्या चौकशांचा भारही यूपीआयवर येतो. म्हणूनच १ ऑगस्ट २०२५ पासून एका अ‍ॅपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक बघण्याची मर्यादा आली. पैसे अडकले तर थोडं थांबा, बँकेचा मेसेज बघा आणि मगच दुसरा मार्ग धरा.

आणि शिकायची इच्छा असेल, तर घरातला जुना लॅपटॉप काढा. कॉलेजच्या प्रोजेक्टची साइट असली तरी चालेल, तिच्यावर कुमा लावा. मग मुद्दाम काहीतरी बिघडवा आणि इशारा येतो का बघा. न तपासलेला इशारा असून नसल्यासारखाच.

गेल्या आठवड्यात मध्यरात्री फोन वाजला : डिस्क चार दिवसांत भरेल. बॅकअपच्या जुन्या फाइली साठल्या होत्या. सकाळी चहाआधी पुसल्या. त्या दिवशी आत्याला नेहमीसारख्या ऑर्डरी आल्या, आणि मला तिचा फोन आला नाही.