दुसऱ्या रात्रीचे पाहुणे

ज्येष्ठ वद्य नवमीच्या सुमारास पुण्यात एक प्रश्न दरवर्षी हमखास कानावर पडतो. रस्ते बंद असतात, बसगाड्या वळवलेल्या असतात, कचेरी गाठताना जीव मेटाकुटीला येतो. मग कुणीतरी वैतागून म्हणतो, "पालख्या येतात ते ठीक, पण एक रात्र राहून पुढे गेल्या, तर काय बिघडेल? दोन-दोन रात्री कशाला?" विचारणारा मनाने वाईट नसतो. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे, असे मला वाटते.

आधी चालणाऱ्यांच्या बाजूने पाहू. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते. ती रात्र आळंदीतच जाते. खरी चाल दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि संध्याकाळी पुणे येते. इथे भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात दोन रात्री मुक्काम. देहूहून निघालेल्या तुकाराम महाराजांच्या पालखीचाही नाना पेठेत, निवडुंग्या विठोबाच्या देवळात, तेवढाच मुक्काम. पुढे हडपसरला दोन्ही वाटा फुटतात. माउलींच्या वाटेवर पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये दिवे घाटाची चढण, आणि बहुधा त्या दिवशी एकादशी असल्याने पोटात उपवास. अशा चालीच्या अलीकडे पुण्यात एक दिवस आणि पलीकडे सासवडला एक दिवस विसावा, हे ज्यांनी ठरवले त्यांना माणसाच्या पायांची चांगली जाण होती.

सासवडच्या मुक्कामाला आणखीही एक अर्थ आहे. तिथे सोपानदेवांची समाधी आहे. थोरला भाऊ धाकट्याच्या गावी आला, म्हणजे रात्र काढून निघून कसे चालेल? ज्येष्ठ वद्य द्वादशीला सोपानकाकांचीही पालखी तिथून पंढरीची वाट धरते. पुढे लोणंदचा मुक्काम तर कमीजास्त होतो. प्रस्थानाची तिथी ठरलेली, आषाढी एकादशीही ठरलेली. मधल्या एखाद्या तिथीचा क्षय वा वृद्धी झाली, की तो फरक मुक्कामात धरावा लागतो. म्हणजे जादा रात्र ही कुणाची हौस नाही. सगळ्या वारीचे वेळापत्रक तिच्यावर तोललेले आहे.

पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती यजमान गावाची बाजू. पहिल्या संध्याकाळी आपण पालखी पाहतो, वारकरी पाहत नाही. रथ, फुले, टाळ-मृदंग आणि गर्दी. माणूस भेटतो तो दुसऱ्या दिवशी. शाळेच्या कठड्यावर धोतरे-लुगडी वाळत असतात. चौकात न्हावी पैसे न घेता दाढ्या करत असतात, चांभार वहाणा शिवून देत असतात, कुणी पायांना तेल चोळत असते. कुणी पर्वती चढून येते, कुणी तुळशीबागेत नातीसाठी बांगड्या पाहते.

आमच्या पेठेतल्या घरी एके वर्षी मराठवाड्यातल्या चार बाया उतरल्या होत्या. पहिल्या रात्री त्यांतल्या थोरल्या आजींनी दोनच गोष्टी विचारल्या : "पाणी कुठंय, माउली? अन् बाईमाणसाची सोय कुठंय?" दुसऱ्या रात्री जेवणे झाल्यावर मात्र त्या माझ्या आईजवळ बसल्या आणि पेरणी, न आलेला पाऊस, माहेरी राहिलेली लेक असे सगळे बोलत राहिल्या. आईला आणि त्यांना दोघींनाही ती रात्र पुरली नाही.

आजींचा पहिल्या रात्रीचा प्रश्न मी पुढे ठेवतो आहे तो मुद्दाम. एक रात्र माणूस कसाही अंग टाकतो. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला आंघोळ हवी, कपडे धुवायला पाणी हवे, शौचाला आडोसा हवा. पूर्वी पेठांतल्या वाड्यांना चौक होते, हौद होते, ओसऱ्या होत्या. एकेका वाड्यात अख्खी दिंडी मावे. बरेचसे वाडे जाऊन तिथे इमारती उभ्या राहिल्या आणि दारात पहारेकरी आला. अलीकडे फिरती शौचालये रस्त्याकडेला दिसतात, ही मोठीच सुधारणा. पण एवढ्या लोकांपुढे ती कितीशी पुरणार? आणि न्हाणीघर तर त्यात नसतेच. दिवस उजाडण्याआधी आडोसा शोधत फिरणाऱ्या बाया आजही दिसतात, आणि ही त्यांच्या भक्तीची नव्हे, आपल्या पाहुणचाराची परीक्षा आहे.

पाहुणचार आपण करत नाही असे नाही. बिस्किटांचे पुडे, केळी, रेनकोट यांचे वाटप जागोजागी चालते. देणाऱ्याला समाधान मिळते, फोटोही निघतो. परंतु अनेक वारकऱ्यांना पिशवीत ठेवायला जागा नसते इतक्या वस्तू मिळतात आणि दार मात्र मिळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की यंदा वस्तू थोड्या कमी देऊ आणि दारे थोडी जास्त उघडू. प्रत्येक सोसायटीने दोन दिवसांसाठी वाहने बाहेर काढून तळमजला मोकळा करावा. खालचे एखादे न्हाणीघर बायांसाठी राखावे, नळ चालू ठेवावा. शाळा-महाविद्यालयांनी वर्गांबरोबर स्वच्छतागृहांची कुलपेही काढावीत. यांत खर्च फारसा नाही. थोडी गैरसोय आहे.

2020 आणि 2021 साली साथीमुळे पायी वारी झाली नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षी पुण्याचे रस्ते मोकळे होते, कुणालाही उशीर झाला नाही. तो मोकळेपणा आवडला होता, असे म्हणणारा पुणेकर मला अजून भेटायचा आहे. तेव्हा पालखी दुसरी रात्र का राहते, हे विचारण्यापेक्षा त्या रात्री आपल्या इमारतीत किती जणांची सोय होईल, हा विषय सोसायटीच्या पुढच्या बैठकीत कुणीतरी काढावा.