वैद्यक परिषद कोणासाठी?

दरवर्षी 1 जुलै उजाडला की डॉक्टर बिधानचंद्र रॉय यांच्या स्मरणार्थ डॉक्टर-दिन साजरा होतो. हारतुरे होतात, सत्कार होतात, आणि डॉक्टर हा पृथ्वीवरील धन्वंतरीच होय, असे वक्ते मोठ्या आवेशाने सांगतात. पुढे एखाद्या रात्री रुग्ण दगावतो, नातेवाइकांचा जमाव जमतो आणि त्याच धन्वंतरीच्या दवाखान्याच्या काचांचा चुराडा होतो. फुले आणि दगड यांखेरीज डॉक्टरला देण्यासारखे आपल्या समाजाजवळ तिसरे काहीच नाही काय? आमच्या मते आहे, आणि ते म्हणजे न्याय. हा न्याय देण्याचे काम कायद्याने ज्या संस्थेवर सोपविले आहे, ती महाराष्ट्र वैद्यक परिषद आपले कर्तव्य कसे बजावते, याचा विचार वर्ध्यासारख्या जिल्ह्याने तरी अवश्य केला पाहिजे. कारण शहराच्या एका बाजूस सेवाग्रामचे आणि दुसऱ्या बाजूस सावंगीचे, अशी दोन मोठी वैद्यकीय महाविद्यालये येथे आहेत; आणि वऱ्हाड-नागपूरकडचे असंख्य रुग्ण रोज याच भूमीवर आपला जीव डॉक्टरांच्या हवाली करीत असतात.

आपल्या राज्यात ही व्यवस्था काल-परवाची नव्हे. मुंबई इलाख्यात 1912 साली आणि आपल्या जुन्या मध्यप्रांतात 1916 साली डॉक्टरांच्या नोंदणीचे कायदे झाले. संयुक्त महाराष्ट्र झाल्यावर 1965 च्या कायद्याने सर्व राज्यासाठी एकच परिषद स्थापन झाली. नोंदवहीत नाव घालणे, व्यवसायाचे नीतिनियम पाळले जातात की नाही हे पाहणे, तक्रार आल्यास दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणे, आणि दोष सिद्ध झाल्यास ताकीद देण्यापासून नाव कमी करण्यापर्यंतचे शासन करणे, ही तिची कामे होत. वरवर पाहता ही कामे रुग्णांच्या रक्षणाची वाटतात. वास्तविक ती डॉक्टरांच्याही रक्षणाची आहेत. आणि हे दुसरे सत्य ना डॉक्टरांना पुरते उमगले आहे, ना परिषदेला.

2022 सालातील दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे आमचे म्हणणे स्पष्ट होईल. त्या वर्षीच्या जानेवारीत आपल्याच जिल्ह्यातील आर्वी येथे, एका अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताचा तपास करीत असता, एका खाजगी रुग्णालयाच्या आवारातील बायोगॅसच्या खड्ड्यातून पोलिसांनी 11 कवट्या आणि 54 हाडे बाहेर काढली. साऱ्या महाराष्ट्रात वर्ध्याचे नाव त्या दिवशी वेगळ्याच कारणाने गाजले. त्या प्रकरणातील अपराध-निरपराध ठरविणे हे न्यायालयाचे काम. त्यात आम्हास शिरावयाचे नाही. परंतु एखाद्या रुग्णालयाच्या अंगणात असे काही पुरलेले आढळते, आणि ते आढळण्यासाठी पोलिसांची कुदळ लागते, याचा अर्थ व्यवसायावर डोळा ठेवणाऱ्या यंत्रणेचा डोळा तेथवर पोचत नव्हता एवढा तरी निश्चित होतो.

दोनच महिन्यांनी, मार्चमध्ये, राजस्थानातील दौसा जिल्ह्यात लालसोट या गावी एक बाळंतीण प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने दगावली. प्रसूतिशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात ज्या संकटाचे वर्णन आहे, तेच हे संकट. जमाव जमला, दडपण आले, आणि पोलिसांनी उपचार करणाऱ्या स्त्री-डॉक्टरवर चक्क खुनाचा गुन्हा नोंदविला. दुसऱ्याच दिवशी त्या डॉक्टरने आत्महत्या केली. सर्वोच्च न्यायालयाने 2005 सालीच बजावून ठेविले होते की, डॉक्टरविरुद्ध फौजदारी कारवाई करण्यापूर्वी स्वतंत्र व जाणत्या वैद्यकीय तज्ज्ञाचे मत घ्यावे, नेहमीच्या आरोपीप्रमाणे त्याला सरसकट अटक करू नये, आणि वैद्यक परिषदेच्या सल्ल्याने सरकारने याबाबत नियम करावेत. या उपदेशानंतर सतरा वर्षे लोटली तरी तो त्या ठाण्यापर्यंत पोचला नव्हता.

एका ठिकाणी परिषदेने तलवार होणे आवश्यक होते आणि दुसऱ्या ठिकाणी ढाल. उणीव मात्र दोन्ही ठिकाणी एकच होती. जाणत्या माणसांनी तत्काळ पाहावे, निःपक्षपातीपणे तोलावे आणि उघडपणे सांगावे, अशी संस्था घटनेच्या जागी हजर नव्हती. जेथे अशी संस्था नसते तेथे तिची जागा पोलीस घेतो, आणि पोलिसालाही उशीर झाला तर जमाव घेतो.

आज उपचारात काही विपरीत घडले तर रुग्णाच्या आप्तांपुढे चार दारे असतात. पोलीस ठाणे, दिवाणी न्यायालय, 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने खुले झालेले ग्राहक न्यायासन, आणि वैद्यक परिषद. या चारांपैकी केवळ चौथ्या दाराआड वैद्यकशास्त्र जाणणारी माणसे बसलेली असतात. शस्त्रक्रियेत झाले ते अटळ होते, की चुकीचे होते, की अक्षम्य होते, हा भेद त्यांनाच प्रथम कळावा. परंतु लोक या दाराशी सर्वांत शेवटी येतात, कारण तेथे लवकर उत्तर मिळेल असा भरवसा कोणासच वाटत नाही. डॉक्टरांच्या वर्तनाविषयीच्या 2002 च्या नियमांत तक्रारीचा निकाल सहा महिन्यांच्या आत लागावा असे स्पष्ट लिहिले आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम आणले आणि तीनच आठवड्यांत स्थगित केले. तेव्हा 2002 चेच नियम पुन्हा लागू झाले, आणि त्यांबरोबर ही सहा महिन्यांची मर्यादाही. नियम कागदावर आहे, तो पाळला जावा इतकीच मागणी आहे.

या विलंबाने डॉक्टर सुखावत असतील असे कोणी समजू नये. कसूर केलेला डॉक्टर सुखावतो हे खरे. तारखांमागून तारखा पडतात आणि त्याचा व्यवसाय चालू राहतो. परंतु निर्दोष डॉक्टरच्या डोक्यावर तीच तक्रार टांगल्या तलवारीसारखी लटकत राहते. गावात कुजबुज चालते, वर्तमानपत्रात नाव आलेले असते, आणि आपण निर्दोष आहोत हे सांगणारा कागद त्याच्या हाती पडत नाही. मग पुढचा गुंतागुंतीचा रुग्ण आला की तो हात झटकतो आणि त्याला नागपूरला धाडतो. आष्टी-कारंज्याकडून निघालेली अडलेली बाई वाटेतच दगावते, ती अशा भीतीचाही बळी असते. चोर सुटतो आणि संन्याशाला फाशी होते, ती नेहमी दुष्टाव्यानेच होते असे नाही. पुष्कळदा ती निव्वळ दिरंगाईने होते.

कित्येक डॉक्टर आम्हास म्हणतील की, परिषदेला अधिक दात दिले तर ती आम्हासच चावेल. ही भीती निराधार नाही. इंग्लंडमध्ये 1858 पासून अशी संस्था आहे आणि तिचा दबदबा जगभर आहे. तिनेही 2018 साली मोठी ठेच खाल्ली. डॉ. हादिझा बावा-गार्बा या तरुण डॉक्टरच्या हातून 2011 साली एका बालकाच्या उपचारात गंभीर चुका झाल्या व ते बालक दगावले. त्या दिवशी माणसे अपुरी होती आणि संगणक बंद पडला होता. न्यायासनाने तिला वर्षभराचे निलंबन दिले असता, परिषदेने त्याविरुद्ध न्यायालयात जाऊन तिचे नाव कायमचे कमी करून घेतले. हजारो डॉक्टर खवळून उठले, आणि त्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने परिषदेचे म्हणणे फेटाळून तिचे नाव पुन्हा चढविले. पुढच्याच वर्षी त्या परिषदेने स्वतः करवून घेतलेल्या चौकशीत, गौरेतर व परदेशात शिकलेल्या डॉक्टरांविरुद्धच रुग्णालयांकडून अधिक तक्रारी येतात, हे उघड झाले. आपल्या महाराष्ट्रातून तिकडे गेलेली मुले-मुलीही त्यांत येतातच. परंतु तिने ते लपविले नाही. छापून प्रसिद्ध केले आणि सुधारण्याचे वचन दिले. आज तिच्या नियामक मंडळात निम्मे सभासद वैद्यक व्यवसायाबाहेरचे आहेत. चूक करणारी संस्थाही विश्वासास पात्र राहू शकते. मात्र तिने आपली चूक झाकता कामा नये.

आपल्याकडील इतिहास याच्या उलट आहे. 2010 साली भारतीय वैद्यक परिषदेचे अध्यक्ष लाचलुचपतीच्या आरोपावरून पकडले गेले आणि ती परिषद बरखास्त करावी लागली. शेवटी 2020 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोग तिच्या जागी आला. आपल्या राज्याच्या परिषदेचा कारभारही निवडून आलेल्या मंडळाची मुदत संपल्यावर प्रशासकाकडे गेला. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या आधारे नोंदवून घ्यावे की नाही, यावर 2025 साली सूचना निघाली, ती थांबविली गेली, पुन्हा शासनाचा आदेश निघाला, आणि सप्टेंबरात डॉक्टरांनी संप केला. तो अभ्यासक्रम पुरेसा की अपुरा, हा वाद येथे बाजूस ठेवू. पण व्यवसायाची पात्रता ठरविणारी संस्था मंत्रालयाच्या वाऱ्याबरोबर दिशा बदलते असे दिसले, तर तिच्या निकालाला ना डॉक्टर मानतील, ना रुग्ण.

शिक्षा फर्मावली म्हणजे काम संपले, असेही नाही. परळीच्या ज्या डॉक्टरचे प्रकरण 2012 साली गाजले, ज्याला 2019 साली दहा वर्षांची शिक्षा झाली, तोच 2020 साली, नोंदणी गेलेली असता, पुन्हा रुग्ण तपासताना सापडला. नोंदवहीतून नाव कमी झाले, पण दारावरची पाटी कमी झाली नाही. नोंदवही मुंबईत आणि पाटी गावात असली म्हणजे असे होणारच.

नीतिनियम केवळ धाकाने रुजत नाहीत, हे मात्र वर्ध्याला कोणी शिकवावयास नको. 1909 साली ‘हिंद स्वराज्या’त डॉक्टरी व्यवसायावर कठोर टीका करणाऱ्या महात्म्याच्या नावाने, त्याच्याच शिष्या डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय काढले. तेथे नवा विद्यार्थी शरीरशास्त्राच्या आधी आश्रमातील पंधरा दिवसांचे साधे जीवन शिकतो. तेथील अध्यापकांनी खाजगी व्यवसाय करावयाचा नाही, असा दंडक आहे. भोवतालच्या खेड्यांतील शेतकऱ्यांनी ज्वारी जमा करून आपल्या आरोग्याचा विमा उतरविला, तोही याच परिसरात. ज्या संस्थेत प्रलोभनाची वाटच बंद केलेली असते, तेथे शिक्षेचे प्रसंग थोडे येतात. परिषदेनेही हा धडा घ्यावा. पाच वर्षांत 30 गुणांचे शिक्षण घेतल्याखेरीज नोंदणीचे नूतनीकरण होत नाही, हा तिचा नियम चांगला आहे. परंतु त्या शिक्षणात मृत्यूची वार्ता नातेवाइकांना त्यांच्या भाषेत कशी सांगावी, संमतिपत्रावर अंगठा घेण्यापूर्वी काय समजावून द्यावे, कागद कसे नीट ठेवावेत, यांनाही स्थान हवे. निम्मी भांडणे उपचारामुळे नव्हे, तर न बोलल्यामुळे होतात, हे कोणताही वयस्क डॉक्टर सांगेल.

तेव्हा आमच्या सूचना थोडक्या आहेत. सहा महिन्यांची मर्यादा परिषदेने कसोशीने पाळावी, आणि किती तक्रारी आल्या, किती निकालात निघाल्या, किती पडून आहेत, याचा हिशेब दर तिमाहीस प्रसिद्ध करावा. निकाल कारणांसह छापावा. दोषी ठरलेल्याचा जसा, तसा निर्दोष सुटलेल्याचाही, त्याची इच्छा असल्यास. विदर्भातील तक्रारींची सुनावणी नित्यनेमाने नागपूरला व्हावी. वर्ध्याच्या विधवेने अथवा हिंगणघाटच्या डॉक्टरने एका तारखेसाठी साडेसातशे किलोमीटर मुंबई का गाठावी? चौकशीच्या आसनावर डॉक्टरांबरोबर एखादा निवृत्त न्यायाधीश व एखादा जाणता नागरिक असावा, म्हणजे डॉक्टरच डॉक्टरला झाकतो, हा ओरडा थांबेल. राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यातील 30 व्या कलमात अपिलाचा हक्क डॉक्टरला स्पष्टपणे दिला आहे. तो तितक्याच स्पष्टपणे रुग्णाच्या पदरातही पडावा. आणि दवाखान्यावर हल्ला झाला तर 2010 च्या राज्य कायद्याखाली गुन्हा नोंदविला जातो की नाही, आणि तो शेवटास जातो की नाही, याचा पाठपुरावा परिषदेने स्वतः करावा. तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद पुस्तकात आहे. एकट्या डॉक्टरला ती मागत फिरावे लागू नये.

1 जुलै 2024 रोजी, योगायोगाने डॉक्टर-दिनीच, नवी भारतीय न्याय संहिता अमलात आली. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास इतरांना पाच वर्षांपर्यंत, तर नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत कैद, असा भेद तिने केला आहे. काहींना ही सवलत खुपते. काहींना ती अपुरी वाटते. आम्हास त्यात एक शब्द महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे ‘नोंदणीकृत’. समाज डॉक्टरला ही सवलत देतो, ती त्याचे नाव एका नोंदवहीत आहे म्हणून. ती नोंदवही राखणाऱ्यांनी तिची किंमत राखावी. आपल्या गावातील प्रत्येक प्रामाणिक डॉक्टरने, तक्रार माझ्याविरुद्ध असली तरी तिचा निकाल लौकर लावा, असे परिषदेस निर्भयपणे सांगावे, आणि दगड हाती घेतलेल्या नातेवाइकाला, तो दगड खाली ठेव, तुझा अर्ज सहा महिन्यांत ऐकला जाईल, असे सांगण्याची सोय आपणा सर्वांस व्हावी. हे दुसरे वाक्य आज कोणीही खात्रीने उच्चारू शकत नाही. ते उच्चारता यावे एवढ्यासाठी परिषद आहे.