मैत्रिणीचं सुतक कुणाला?

जून महिन्यात माझी मैत्रीण गेली. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, निदान झाल्यापासून जेमतेम सात महिने मिळाले. अकरावी सायन्सच्या वर्गातली आमची ओळख, म्हणजे अडतीस वर्षांची मैत्री. पुढे मी डॉक्टर झाले, ती वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक झाली. वैकुंठ स्मशानभूमीत मी गर्दीच्या कडेला उभी होते. तिच्या सासरकडच्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, ‘‘आपण कोण?’’ ‘‘मैत्रीण,’’ मी म्हटलं. ‘‘बरं, बरं,’’ म्हणत ते पुढच्या माणसाकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला दवाखाना उघडला. बंद ठेवायचा तर पाटीवर काय लिहिणार? ‘घरी दुःखद घटना घडल्यामुळे’ असं लिहायची पद्धत आहे. घटना माझ्या घरी घडलेलीच नव्हती.

सुतक कुणी पाळो न पाळो, त्या दिवसांचा एक उपयोग असतो. शेजारी चहाचा थर्मास आणि पिठलं-भाताचा डबा आणून देतात. लोक येऊन बसतात, गेलेल्या माणसाच्या आठवणी काढतात. ऑफिसातून फोन येत नाही. थोडक्यात, दुःखाला जागा मिळते आणि वेळही मिळतो. पण ही सोय रक्ताच्या आणि लग्नाच्या नात्यांपुरतीच आहे. माझ्या मैत्रिणीच्या मुली मला मावशी म्हणतात. भाषेनं आम्हाला केव्हाच बहिणी करून टाकलं होतं, रीत मात्र तिथवर पोचलेली नाही.

हा फक्त मानापमानाचा विषय असता, तर आरोग्याच्या सदरात त्याला जागा मिळाली नसती. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं. त्याचं मराठी ‘हक्क नाकारलेला शोक’ असं करता येईल. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून ओळखतच नाही, ते माणूस एकटाच वाहतो आणि म्हणून ते जास्त जड होतं, असं त्यांचं म्हणणं. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी साडेसव्वीस हजार लोकांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी तपासल्या. त्यांतल्या साडेनऊ हजारांहून अधिक लोकांनी जवळचा मित्र किंवा मैत्रीण गमावली होती. या लोकांचं शारीरिक आरोग्य, मानसिक आरोग्य आणि लोकांत मिसळणं या तिन्हींवरचा परिणाम चार वर्षांपर्यंत दिसत राहिला. आपण ‘चार दिवसांत सावरशील’ म्हणतो, नोंदी चार वर्षांचं सांगतात.

हृदयाचंही तसंच. ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१२मध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या सुमारे दोन हजार अमेरिकी रुग्णांचा अभ्यास छापून आला. जवळची व्यक्ती गेल्यानंतरच्या पहिल्या २४ तासांत अटॅकचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट असतो आणि पुढे दिवसागणिक उतरत जातो, असं त्यात दिसलं. घाबरून जाऊ नका. निरोगी माणसाचा मूळ धोका अगदी कमी असतो, त्यामुळे तो वाढला तरी बहुतेकांना काही होत नाही. पण आधीच बीपी, मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्यांनी या दिवसांत गोळ्या चुकवू नयेत, छातीतलं दुखणं ‘रडून रडून झालं असेल’ म्हणून अंगावर काढू नये. शिवाय रक्तवाहिन्यांना आणि हृदयाला नातेवाईक कोण आणि मैत्रीण कोण, हे कळत नाही.

माझंच सांगते. जुलैपासून पहाटे साडेतीनला जाग यायला लागली. ऑगस्टमध्ये बीपी वरचं दीडशेच्या आसपास दिसायला लागलं. एकदा एका रुग्णाच्या चिठ्ठीवर त्याच गोळीचं नाव मी दोनदा लिहिलं. केमिस्टनं फोन करून विचारलं म्हणून कळलं. त्या संध्याकाळी नवरा म्हणाला, ‘‘आपण चार दिवस कुठे तरी जाऊ. कासला जाऊ. तुम्ही दोघी दर वर्षी जाणार होतात ना?’’

जाणार होतो. दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी तिचे पेपर तपासणं किंवा माझे डेंगीचे रुग्ण आडवे यायचे. कासच्या फुलांचा मोसम आणि पुण्यातल्या डेंगीचा मोसम एकच, हे आमचं दुर्दैव.

नवऱ्यानं भाड्यानं कॅम्परव्हॅन घेतली. झोपायची गादी, छोटी शेगडी, पाण्याची टाकी, असं चाकांवरचं घर. महाराष्ट्र सरकारनं २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून हा प्रकार आपल्याकडेही ओळखीचा होऊ लागला आहे. हॉटेल नको म्हणण्यामागे त्याचं कारण साधं होतं: ‘‘जेवायच्या हॉलमध्ये तुला हसऱ्या चेहऱ्यानं बसावं लागेल.’’ सासूबाई मात्र म्हणाल्या, ‘‘अगं, पितृपक्षात कुठे सहलीला निघता?’’

पहिला मुक्काम वाईजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्राच्या अंगणात केला. सकाळी मेणवलीच्या घाटावर गेलो, तर कृष्णेच्या पाण्यात उभं राहून दोघे-तिघे तर्पण करत होते. मी कर्मकांड करणाऱ्यांतली नाही. पण महालयाच्या तर्पणात आई-वडील, आजी-आजोबा, काका-मामा, आत्या-मावशी यांच्या मागोमाग गुरू, शिष्य आणि आप्तही येतात, हे मला ठाऊक होतं. आज आपण आप्त म्हणजे नातेवाईक असं धरतो. मूळ अर्थ मात्र भरवशाचा माणूस. म्हणजे ज्यांनी ही यादी केली, त्यांनी रक्ताच्या नात्यापलीकडच्या माणसासाठीही ओंजळभर पाणी राखून ठेवलं होतं. नंतर आपणच ते विसरलो. सासूबाईंना फोनवर हे सांगितलं. त्या थोडं थांबून म्हणाल्या, ‘‘मग बरोबर दिवसांत गेलीस की.’’

साताऱ्याहून कास पंचवीसेक किलोमीटर. वर जांभ्या दगडाचं सपाट पठार, त्यावर मातीचा पातळ थर. तेरड्याचे गुलाबी पट्टे लांबूनही दिसतात. सीतेची आसवं मात्र वाकून बघावी लागतात. निळसर-जांभळी, नखाएवढी फुलं. हे झाड कीटकभक्षी आहे. मातीत पोषण कमी, म्हणून ते बारीक फुग्यांमध्ये पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतं. मी हे नवऱ्याला सांगत होते आणि फुगा नक्की कसा उघडतो, इथे अडकले. विचारावं म्हणून फोन काढला, तिचं नाव शोधलं आणि मग तिथेच दगडावर बसले. जूनपासून पहिल्यांदा मी पोटभर रडले. नवऱ्यानं ‘रडू नको’ म्हटलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. शेजारी बसून राहिला. अर्ध्या तासानं म्हणाला, ‘‘भूक लागलीय. भजी खाऊ या?’’ आणि आम्ही खरोखर भजी खाल्ली. चवीनं खाल्ली.

हे रडणं आणि ही भजी, दोन्ही एकाच तासातली. बऱ्याच जणांना याचंच अपराधी वाटतं: ती गेली आणि मी खातेय? शोकाचे पाच टप्पे असतात आणि ते ओळीनं पार करायचे असतात, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९मध्ये ते टप्पे मांडले, पण ते मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट यांनी १९९९मध्ये मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं. माणूस दुःखाकडे जातो, मग रोजच्या जगण्याकडे येतो, पुन्हा दुःखाकडे जातो. हा झोका म्हणजेच सावरणं. सतत दुःखात बुडून राहणं जसं बरं नाही, तसंच सतत कामात तोंड खुपसून राहणंही नाही. मी तीन महिने दुसरं करत होते.

मला वाटतं, प्रवासानं दिलं ते एवढंच. त्यानं दुःख बरं केलं नाही. त्यानं झोक्याला जागा दिली. गाडीत दोघं शेजारी बसलेले, नजर रस्त्यावर. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते अशा वेळी बोललं जातं. बामणोलीला, शिवसागराच्या काठी, मी त्याला आमच्या एका जुन्या भांडणाबद्दल सांगितलं. तो तिला पंचवीस वर्षं ओळखत होता, तरी हे त्याला माहीत नव्हतं. त्यानंही मग सांगितलं की, तिच्या शेवटच्या महिन्यात मी घरी नसायचे त्याचा त्याला राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची. एक माणूस गेलं की घरातल्या दोघांचं दुःख सारखं नसतं. ते सारखं करायचा आग्रह सोडला की निम्मं काम होतं.

अशा प्रवासाला निघणाऱ्यांसाठी डॉक्टर म्हणून चार गोष्टी. ज्याचं दुःख ताजं आहे, त्यानं गाडी चालवू नये. झोप मोडलेली असते आणि लक्ष उडतं. घाटात रात्रीचं जाऊ नये. नेहमीच्या गोळ्या मोजून बरोबर घ्याव्यात, पण झोपेची गोळी कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नये. आणि गाडीत झोपताना इंजिन चालू ठेवू नये, शेगडी किंवा कोळसा पेटता ठेवू नये. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. झोपेतच माणूस जातो.

‘फिरून ये, बरं वाटेल’ हा सल्ला मात्र मी कुणाला देणार नाही. काहींचं दुःख महिनोन्‌महिने जराही सैल होत नाही. जगण्यात अर्थ वाटत नाही, रोजची कामं होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झालं, ‘दीर्घकाळ लांबलेला शोक’ हा वेगळा आजार म्हणून नोंदलेला आहे. त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. त्याला उपचार आहेत, सहल हा उपचार नव्हे. त्या व्याख्येत जोडीदार, आई-वडील आणि मूल यांच्याबरोबर ‘जवळची अन्य व्यक्ती’ असेही शब्द आहेत. विज्ञानानं तरी मैत्रिणीला यादीत घेतलं आहे. मरणाचे विचार येत असतील, तर सहा महिने थांबायचं नाही, लगेच डॉक्टरांना गाठायचं. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आणि कॅम्परव्हॅन किती जणांना परवडणार? गेल्या वर्षी माझ्याकडे एक बाई यायच्या. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. डोकं दुखतं, अन्न जात नाही. ‘‘घरात काही टेन्शन?’’ मी विचारलं. ‘‘घरात नाही,’’ त्या म्हणाल्या. मी पित्ताची गोळी लिहून दिली. त्यांनी ‘घरात’ या शब्दावर जोर दिला होता, हे मला आत्ता आठवतं. कासहून आल्यावर त्या पुन्हा आल्या, तेव्हा मी प्रश्न बदलला: ‘‘जवळचं कुणी गेलं होतं का?’’ त्यांची कामाची जोडीदारीण गेली होती. अकरा वर्षं दोघी पहाटे एकत्र चालत कामाला यायच्या. ‘‘आता मी बसनं येते. त्या रस्त्यानं पाय उचलत नाही,’’ त्या म्हणाल्या. मग त्या तिच्याबद्दल बोलत राहिल्या. बाहेर रुग्ण खोळंबले होते. मी त्यांना खोळंबू दिलं.

म्हणून माझं म्हणणं तीन ठिकाणी आहे. पहिलं आम्हा डॉक्टरांना: ‘घरात काही झालं का’ याऐवजी ‘जवळचं कुणी गेलं का’ विचारा. दुसरं कंपन्यांना आणि कार्यालयांना: कुणी गेल्यावर जिथे रजा मिळते, तिथेही ती बहुधा ठरावीक नात्यांपुरतीच असते. तीच दोन-तीन दिवसांची रजा कुणासाठी घ्यायची, हे माणसाला ठरवू द्या. गैरफायदा घेतील, असं म्हणाल. रजेसाठी एकाच आजीला तीनदा मारणारे लोक आजही आहेतच, नियमानं ते थांबलेले नाहीत. आणि तिसरं आपल्या सगळ्यांना: कुणी ‘माझा मित्र गेला’, ‘मैत्रीण गेली’ म्हटलं, तर ‘बरं, बरं’ म्हणून पुढे जाऊ नका. ‘कशी होती ती?’ एवढं विचारा आणि बसा.

त्या बाईंना मी या वेळी नवी गोळी दिली नाही. बीपी तपासलं आणि पंधरा दिवसांनी या म्हटलं. परवा त्या आल्या. म्हणाल्या, ‘‘मॅडम, आज चालत आले.’’ डोकं अजून दुखतं म्हणाल्या. पण आधीपेक्षा कमी.